राजकारण, इयत्ता पहिली (मालवण किनारा)

ही पुस्तिका तिघांसाठी आहे. बदली होऊन ओरोसला, सिंधुदुर्गच्या जिल्हाठाण्याला, आलेले अधिकारी, मालवणातल्या मुलीशी लग्न ठरलेले घाटावरचे जावई, आणि न्यू जर्सीहून महिनाभरासाठी आजोळी धाडलेला तो भाचा, ज्याने तिकडच्या कॉलेजात राज्यशास्त्राचा पहिला पेपर दिलेला आहे. तिघांत भाच्याची अवस्था जास्त नाजूक, कारण त्याच्याकडे पुस्तक आहे. स्वातंत्र्य, समता, व्यक्तिवाद, खाजगी मालमत्ता ही राजकीय मूल्यं, असं त्यात लिहिलंय. घर, शाळा, मित्र आणि वर्तमानपत्रं यांच्यातून माणसावर राजकीय संस्कार होतात. अर्थनीती म्हणजे कर, खर्च आणि व्याजदर. यातलं काहीच चूक नाही. फक्त एवढ्याच भांडवलावर मालवणच्या मासळीबाजारात उभं राहिलात तर बांगडेसुद्धा महाग मिळतील.

आधी दोन उत्तरं पाठ करा

पहिला प्रश्न येईल, "तुमी खंयचे?" गावाचं नाव सांगा. गाव सांगितलंत की वाडी विचारली जाईल. वाडी सांगितलीत की दुसरा प्रश्न, "कोणाचे?" इथे आजोबांचं नाव द्यायचं. वडिलांचं चालत नाही, ते मुंबईत होते. आजोबांचं नाव कळलं की समोरच्या माणसाला तुमचं घराणं, देवळातला तुमचा मान, 1977 साली तुमच्या घरातली मतं कुठे पडली आणि शेजाऱ्याबरोबरचा बांधाचा दावा कुठल्या कोर्टात अडकलाय, एवढं सगळं समजलेलं असतं. अमेरिकेत मतदाराची ही माहिती जमवायला कंपन्या नेमतात म्हणे. इथे ती चहाच्या हॉटेलात फुकट आहे. उलट तुम्हालाच चहा मिळतो.

मूल्यं

स्वातंत्र्यापासून सुरुवात करू. अमेरिकेच्या राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्याची दुरुस्ती 1791 साली झाली. मालवणी माणसाला अशी दुरुस्ती करायची गरजच पडली नाही, कारण त्याच्या बोलण्यावर बंधन घालण्याची कुणाची छाती झाली नव्हती. या स्वातंत्र्याचा वापर गजालीत, म्हणजे गप्पांत, होतो. गजालीला राजकारणापासून सुरुवात करायची नसते. आधी पाऊस, मग सुरमईचा भाव, मग कुणाचं तरी दुखणं, आणि त्या दुखण्यावरून सरकारी दवाखाना, दवाखान्यावरून आमदार. घाई केलीत तर तुम्ही पत्रकार आहात असा समज होईल. आणि कुठल्याही नेत्याची नुसती स्तुती करू नका. "कामा केल्यान, पण..." असंच वाक्य असतं. त्या "पण"नंतर काय म्हणायचं हे सुचलं नाही तरी बिघडत नाही, चेहरा गंभीर ठेवून समुद्राकडे बघावं. "पण" न जोडता स्तुती संपवणारा माणूस पगारी कार्यकर्ता समजला जातो.

या स्वातंत्र्याला अपवाद एकच. 4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिनाला मालवणच्या राजकोट किल्ल्यावर उभा केलेला शिवाजी महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. त्यानंतर कंत्राटावर, गंजलेल्या नटबोल्टांवर, मंत्र्यांवर मालवणात वाटेल ते बोललं गेलं. महाराजांबद्दल शब्द वाकडा गेला नाही. समोर पाण्यात त्यांनी 1664 साली पायाभरणी केलेला किल्ला उभा आहे, आणि तुलना करायला लोकांना चष्मा लागत नाही.

समता हे मूल्य जरा कठीण. गजालीत सगळे सारखे, देवळात नाहीत. पहिला मान कुणाचा, पालखीला खांदा कुणाचा, गाऱ्हाणं कोण घालणार, हे ठरलेलं असतं. ठरलेलं नसेल तर कोर्टात असतं. मानपानाच्या वादापायी जत्रा बंद राहिल्याची उदाहरणं जिल्ह्यात आहेत. नव्या माणसाने या विषयावर मत देऊ नये. समतेबद्दल तर अजिबात देऊ नये. आमच्याकडे दोन्ही बाजूंचे लोक समतावादीच असतात, वाद एवढाच की मान आपला आहे.

खाजगी मालमत्तेसाठी भाच्याने सातबारा काढून बघावा. त्यावर आजोबा आहेत, आजोबांचे दोन भाऊ आहेत, त्यांतला एक 1950 च्या आसपास वारलाय, त्याची मुलं परळला होती, त्यांची मुलं डोंबिवलीला आहेत. सगळी नावं खालीखाली वाढत गेलेली, कुणाचंच कमी झालेलं नाही. जमीन कुणाची? सगळ्यांची. म्हणून विकता येत नाही, कर्ज काढता येत नाही, कौलं बदलायची तरी कुणाला तरी वाईट वाटतं. पण परड्यातल्या फणसाचे वाटे मात्र दर वर्षी चोख होतात. डोंबिवलीच्या काकांना फोन जातो, ते "ठेवा माझा" म्हणतात, त्यांचा फणस पिकून पडतो, आणि त्यावरून पुढच्या गणपतीत विषय निघतो. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने मालमत्तेच्या हक्कावर पुष्कळ लिहिलंय. त्याला सामायिक फणस माहीत नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत तर कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न आहे, तिथे अख्ख्या गावाचाच सामायिक फणस झालाय. ते इयत्ता चौथीत घेऊ.

संस्कार

पुस्तकात शाळेचं नाव आधी येतं. आमच्याकडे आधी गाऱ्हाणं. देवासमोर मानकरी उभा राहतो आणि बारा पाचाच्या देवांना हाक मारून गावाच्या वतीने मागण्या मांडतो. आजारपण जाऊ दे, पाऊस वेळेवर पडू दे, मुंबईला गेलेल्यांची भरभराट होऊ दे, वाकड्या नजरेने बघणाऱ्याची नजर सरळ होऊ दे. प्रत्येक मागणीनंतर जमाव ओरडतो, "व्हय म्हाराजा!" चार वर्षांचं पोर बापाच्या खांद्यावरून हे ओरडतं, तिथे त्याचं राजकीय शिक्षण सुरू झालेलं असतं. निवेदन कसं द्यावं हे ते शिकतं. मागणी मोठ्याने, अनेकांच्या तोंडून आणि नवसाची आठवण करून देऊन करायची. देवालासुद्धा काय काय द्यायचं राहिलंय ते सांगावं लागतं, तिथे पालकमंत्र्यांचं काय!

देवाचा अधिकार किती, हे कळण्यासाठी आंगणेवाडीला जावं. भराडीदेवीच्या जत्रेची तिथी पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की मुंबईतल्या सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांचे दौरे त्याप्रमाणे फिरतात. ज्यांनी निवडणुकीच्या तारखांवरून आयोगाशी भांडण काढलेलं असतं, ते या तारखेबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

दुसरी शाळा दशावताराची. संहिता नसते. राजा, मंत्री, राक्षस आपापली भाषणं उभ्या उभ्या रचतात, आणि समोरच्याने टाकलेला मुद्दा त्याच्याच गळ्यात घालतात. पेट्रोमॅक्स जाऊन हॅलोजन आले तरी हे बदललं नाही. पहाटे पोर डुलक्या काढत ऐकत असतं ते युद्ध नव्हे, युक्तिवाद. सत्तेवर बसलेला माणूस मेकअप केलेला असतो आणि सकाळी तोच तिठ्यावर विडी ओढत असतो, हेही त्याला तेव्हाच कळतं. ज्यांना रात्रभर जागणं जमणार नाही त्यांनी गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' बघावं. 1980 साली मच्छिंद्र कांबळींनी ते रंगभूमीवर आणलं आणि मालवणी बोली महाराष्ट्रभर पोचवली. गावातलं नाटक बसवताना तात्या सरपंचाची जी दमछाक होते, ती बघितल्यावर ग्रामपंचायतीच्या कारभारावर वेगळं पुस्तक वाचावं लागत नाही.

तिसरी शाळा मुंबईतली. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे 1036 बायका होत्या. हा आकडा बघून स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या मोहिमेला शाबासकी देणारे अधिकारी पाहण्यात आहेत. उरलेले पुरुष लालबाग-परळला किंवा त्याच्याही पुढे विरारला आहेत, हे त्यांना सांगायचं राहून जातं. गिरणीच्या आसपास एका खोलीत एकाच गावचे दहा-बारा गडी राहत. त्या खोलीत लाल बावटा आला, समाजवादी आले, 1966 नंतर शिवसेना आली, 1982 च्या संपात दत्ता सामंत आले. आणि जे खोलीत आलं ते चतुर्थीला ट्रंकेतून गावात उतरलं. गावचा मतदार गावात राहून मत बनवत होता असं समजू नका. मत मनिऑर्डरबरोबर यायचं.

अमेरिका समजून घ्यायला आलेला तोकव्हिल नावाचा फ्रेंच माणूस 1831-32 मध्ये तिकडे हिंडत होता. तिथले लोक ऊठसूट मंडळं काढतात याचं त्याला मोठं कौतुक वाटलं. नेमक्या त्याच दिवसांत, 6 जानेवारी 1832 ला, आमच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. मराठी वर्तमानपत्राची सुरुवात तीच. म्हणजे मुंबईला जायचं आणि तिथून गावाला शहाणं करायचं, ही चाल गिरण्यांच्याही आधीची. राहता राहिली मंडळं. एखाद्या गावाचं मुंबईतलं मंडळ, त्या मंडळात फूट पडून निघालेलं दुसरं मंडळ, आणि दोघांनी मिळून बांधलेला पण दोघांनीही स्वतःच्याच नावाची फरशी बसवलेला देवळाचा सभामंडप बघून तोकव्हिलला वहीची पानं कमी पडली असती.

इतिहासाचा धडा, ज्यावर हमखास प्रश्न येतो

1957 ते 1991 अशी चौतीस वर्षं राजापूर मतदारसंघाने समाजवादी खासदार निवडले. आधी वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै, 1971 च्या जानेवारीत ते गेल्यावर मधू दंडवते. नाथ पैंचं भाषण ऐकायला लोक मैलोगणती चालत यायचे असं जुनी माणसं सांगतात. ज्या गावात डांबराचा रस्ता नव्हता त्या गावचा हा प्रतिनिधी 1967 मध्ये, गोलकनाथ खटल्यानंतर, मूलभूत हक्क दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून खाजगी विधेयक मांडत होता. मतदारांना ते सगळं कळत होतं का? भाचा हा प्रश्न विचारणार. माझं मत असं की कळण्यापेक्षा शोभण्याला महत्त्व होतं. आपल्या वतीने दिल्लीत बोलणारा माणूस तिथल्या कुणापेक्षा कमी दिसता कामा नये, एवढी मतदारांची अट होती, आणि ती पुरी होत होती.

दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम त्यांनी बसवला. आर्थिक धोरण म्हणजे काय हे नवशिक्याला शिकवायचं तर मी याच दोन इंचांपासून सुरुवात करीन. तिकीट तेच, डबा तोच, फक्त गरिबाच्या पाठीखाली सरकारने काहीतरी ठेवलं. 1984 च्या काँग्रेसच्या लाटेतही ते निवडून आले. 1990 चा अर्थसंकल्प त्यांनी अर्थमंत्री म्हणून मांडला, त्याच वर्षी कोकण रेल्वेचं महामंडळ स्थापन झालं, आणि 1991 मध्ये याच मतदारसंघाने त्यांना पाडलं. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा गाडीतून उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या गावांनी शिवसेनेच्या सुरेश प्रभूंना खासदार म्हणून निवडून दिलेलं होतं.

इथून पुढचं पान पेन्सिलीने लिहा. 1990 मध्ये मालवणातून शिवसेनेचे आमदार झालेले नारायण राणे 1999 मध्ये मुख्यमंत्री झाले, 2005 मध्ये काँग्रेसमध्ये गेले आणि पोटनिवडणूक मोठ्या फरकाने जिंकले. 2014 मध्ये कुडाळला पडले, मग स्वतःचा स्वाभिमान पक्ष काढला, तो 2019 मध्ये भाजपमध्ये विलीन केला, आणि 2024 मध्ये लोकसभेवर गेले. त्याच वर्षी त्यांचा एक मुलगा भाजपतर्फे कणकवलीतून आणि दुसरा शिवसेनेतर्फे कुडाळमधून आमदार झाला. तेव्हा इथे "तुमची विचारसरणी कोणती?" असं विचारू नका, समोरचा माणूस तुम्हालाच पाणी विचारेल. साहेबांचा माणूस की त्यांच्या विरोधातला, एवढं समजलं तरी पास व्हाल.

पण यावरून लोक बदलले, आधी तत्त्वाला मत देत होते आणि आता माणसाला देतात, असं उत्तर लिहिलंत तर शून्य गुण. ज्या घरात नाथ पैंची तसबीर आहे, त्याच घरात नोकरीसाठी साहेबांच्या बंगल्यावर चिठ्ठी नेलेला मुलगा आहे, आणि दोघांनाही यात विसंगती वाटत नाही. आपल्या वतीने कुणीतरी चांगलं बोलावं हाही एक वाटा, आणि पोराला काम मिळावं हाही वाटाच. चौतीस वर्षं पहिला मिळाला, दुसरा थकला होता.

अर्थनीती: प्रात्यक्षिक

पहाटे उठून किनाऱ्यावर जा. रापण लागली असेल तर दोरीला हात लावा. होडीने अर्धगोल फिरून जाळं टाकलेलं असतं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्ही टोकांना माणसांची रांग. मासळी आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. तुम्ही पाहुणे असलात तरी हात लावला म्हणून चार बांगडे तुमच्याही पिशवीत येतील. भांडवल, श्रम आणि कल्याणकारी राज्य असं सगळं वाळूवर आठ वाजायच्या आत आटोपतं.

आता समुद्राकडे बघा. पर्ससीन जाळ्याची बोट बांगड्याचा आणि तारलीचा अख्खा थवाच वेढून उचलते. रापणीला आठवडाभरात मिळणार नाही ते एका खेपेत नेते. पारंपरिक मच्छीमारांनी यावर वर्षानुवर्षं आंदोलनं केली. सोमवंशी समितीचा अहवाल आला, आणि 5 फेब्रुवारी 2016 ला राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. परवाना असेल तरी सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम. मग प्रखर एलईडी दिव्यांवर मासळी गोळा करणाऱ्या बोटी आल्या, त्यांवर 2017 च्या नोव्हेंबरात केंद्राने बंदी घातली. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, त्यापलीकडे केंद्राचा. गस्तीची बोट येईपर्यंत कर्नाटकातल्या मलपीचा ट्रॉलर त्या रेषेच्या सोयीच्या बाजूला गेलेला असतो. अमेरिकेत संघराज्याचा धडा शिकवायला महिना लागतो, इथे रात्री बाराला तळाशील किंवा देवबागच्या किनाऱ्यावर उभं राहून दूरचे दिवे मोजले की झालं.

भाचा म्हणेल, मुक्त बाजारात ज्याच्याकडे चांगलं तंत्रज्ञान त्याला जास्त मासळी, यात अन्याय तो काय? त्याला असं बोलू द्यावं, पण मामाच्या होडीवर असताना नको. आणि तुम्हीही सगळे पर्ससीनवाले बाहेरचे धनदांडगे आहेत असं समजून आवेशाने भाषण ठोकू नका. त्यांतले काही याच जिल्ह्यातले आहेत, बँकेचा हप्ता त्यांनाही आहे, आणि एखादा तुमच्या होणाऱ्या सासऱ्यांचा चुलतभाऊ निघेल. 1987 मध्ये इथे 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा आपला समुद्र जातो म्हणून मच्छीमारांनी विरोध केला. म्हणजे मोठ्या बोटीवाल्यापासून आणि पर्यावरण वाचवायला आलेल्या सरकारपासूनही समुद्राचा वाटा राखायचा. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते तेव्हा रापणवाले आणि पर्ससीनवाले जाळी विणत एकाच ओटीवर बसतात. शिकायला तो काळ चांगला.

समुद्र झेपत नसेल तर काजू घ्या. कच्ची काजू बी आफ्रिकेतून येते. 2018 च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं आयात शुल्क पाच टक्क्यांवरून अडीचवर आणलं. बागायतदार म्हणतो, बाहेरचा माल स्वस्त आला आणि माझा भाव पडला. कारखानदार म्हणतो, इथली बी वर्षभर पुरत नाही, बाहेरची आणली नाही तर कारखाना बंद ठेवावा लागेल. आता आजोळच्या घरात या. मामाची काजूची बाग आहे आणि मामी कारखान्यात काजू सोलायला जाते. शुल्क वाढावं की कमी व्हावं? या घरात गेली काही वर्षं रात्रीच्या जेवणाला हा विषय काढत नाहीत. तेरेखोल खाडीच्या पलीकडे गोवा सरकारने 2023 मध्ये काजूचा आधारभूत दर किलोमागे 150 रुपये केला. खाडीच्या अलीकडे महाराष्ट्राने 2024 मध्ये किलोमागे दहा रुपये अनुदान जाहीर केलं. झाडं दोन्हीकडे तीच, पुष्कळशी वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची. खाडीच्या अलीकडे जन्मलो याचा दर मामाला किलोमागे काढता येतो. तो त्याने सातबाऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढून ठेवलाय.

सरावासाठी प्रश्न

1. 2001 ते 2011 या काळात सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. मतदारसंघांच्या फेररचनेत 2009 पासून जिल्ह्यातल्या विधानसभेच्या चार जागांच्या तीन झाल्या. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्याने गावचा एक आमदारही बरोबर नेला, या विधानाची चर्चा करा. चर्चा चाकरमान्यांसमोर करू नये.

2. चिपी विमानतळाचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झालं. व्यासपीठावर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे दोघेही होते. कुणी कुणाकडे पाहिलं नाही? (तोंडी परीक्षा, तिठ्यावर.)

3. गाऱ्हाण्याच्या पद्धतीने तहसीलदारांना निवेदन लिहा. विषय: तुमच्या वाडीतला पथदिवा. शेवटी "व्हय म्हाराजा" कोण म्हणणार त्यांची नावं जोडा, सह्या नंतर मिळतील.

4. मामाच्या घरातून काजूच्या आयात शुल्काबद्दल एकमताचा ठराव पास करून आणा. वेळ: पहिल्या भातापासून सोलकढीपर्यंत. मामीने ताट उचललं की पेपर संपला.